पीळ

मढवींचा हर्षल बोटीवरून सुटीला आला
आणि एक बाटली माझ्याकडे ठेवून गेला,
त्याच्या आईला दिसू नये म्हणून.
"तूच संपव. मान्सानियो बंदरातली आहे.
पोपटी लावल्यासारखी लागते."

बाटलीवर लिहिलंय : मेस्काल.
खाली काळ्या शाईत
एक काटेरी झुडूप.

शनिवार. ऐरोली, सेक्टर आठ, चौथा मजला.
खिडकीतून खाडीचा चिखलट वारा.
शेकर नाही. जिमच्या पावडरीचा डबा आहे,
त्यातली जाळी काढून ठेवली.
मापही नाही.
खोकल्याच्या औषधाचं झाकण आहे, दहा मिलीचं,
चारदा धुऊनही ज्येष्ठमधाचा वास न सोडलेलं.

पाच झाकणं मेस्काल, दोन लिंबाचा रस.
संत्र्याची दारू घाल, असं हर्षलनं सांगितलं होतं,
त्याला ते कुठल्याशा बंदरातल्या पोऱ्यानं सांगितलं,
त्या पोऱ्याला आणखी कुणी.
माझ्याकडे कोकमाचं आगळ निघालं. एक झाकण.
गुळाचं पाणी अंदाजानं.
मीठ वेगळं नको, आगळात असतंच.

तेवढ्यात तात्या आत आले.
तुर्भ्याच्या मार्केटात एकतीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेला माणूस,
ज्यानं कधी थेंबाला स्पर्श केला नाही.
आता बोलणार, म्हणून मी डबा मागे घेतला.
त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरली.
"घायपात हाय की ही."

मी सांगू लागले, जेवढं हर्षलकडून कळलेलं :
सात-आठ वर्षं वाढू देतात,
मग पानं छाटून नुसता गड्डा ठेवतात,
जमिनीत खड्डा, तापलेले दगड, वर माती,
तीन-चार दिवस आत भाजत.
मग घोडा फिरतो, दगडी चाक फिरतं,
गड्डा चेचला जातो, आंबतो, भट्टीवर चढतो.
धूर तेव्हापासून आत.

"आन् पानं?"
टाकतात बहुतेक.

तात्या पलंगाच्या कडेला बसले.
म्हसवडच्या अलीकडं, म्हणाले, बांधाबांधाला हीच.
पानं कापायची, डबक्यात कुजत घालायची,
वासानं माणूस जवळ येत नसे,
नाहीतरी कोण येत होतं आमच्याजवळ.
मग बडवायची. कोपरापर्यंत आग आग.
वाख निघायचा पांढराशुभ्र, वाळत घातला की
वाटायचं, आपल्याही दारात काहीतरी उजेड आहे.
बेंदराला पाटलाच्या बैलांना नवे कासरे,
विहिरीला नाडा.
ओट्याखाली उभं राहायचं, पदरात पायलीभर जोंधळे.

आणि गड्डा?
"त्येचं काय करायचं? ऱ्हायचा तसाच."

आम्ही पानं घेतली, त्यांनी गड्डा.
अर्धं अर्धं एक झाड,
मधे दोन समुद्र.

बराच वेळ ते गप्प.
मग विचारलं,
"मग त्यांचे दोर कोण वळतं?"
हे मला हर्षलनं सांगितलं नव्हतं.

मी डबा हलवला. बर्फ इतका वाजला
की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.
ग्लासात ओतलं : जांभळट, गढूळ, वर फेस.
शेवटी लिंबाच्या सालीला पीळ द्यायचा असतो,
म्हणजे तिचं तेल वर उडतं.
माझी साल मोडली. दुसरीही मोडली.

तिसरी तात्यांनी घेतली.
अंगठा जिभेला लावला,
सवयीनं हात मांडीकडे गेला,
पायजमा धुतलेला आहे हे आठवून थांबला,
आणि बोटांतल्या बोटांतच
त्यांनी तिला असा पीळ दिला
की साल कडकडली नाही, फक्त वास आला.

ग्लास नाकाशी नेऊन परत ठेवला.
"सुंभ जळल्यावाणी," म्हणाले,
आणि पुढचं म्हणाले नाहीत.
मलाही पुढचं ठाऊक होतं.

टीव्ही लावायला ते बाहेर गेले.
बर्फ विरघळत होता.
मी एक घोट घेतला, मग नुसतीच बघत बसले
त्या सालीकडे,
सुटतोय का.