कोरा चुंबक

युरिया साधाच. दोन चमचे मुशीत घातला,
झाकण लावलं, भट्टी साडेपाचशेवर.
अमोनियानं डोळे चुरचुरले,
रमणकाका खिडक्या उघडत गुजरातीत पुटपुटले.
संध्याकाळी मुशीच्या तळाशी उरलं
धुतलेल्या मूगडाळीच्या रंगाचं काही,
चिमूटभर.
कार्बन-नायट्रोजनचे पापुद्रे, एकावर एक,
इतके पातळ की त्यांना जाडी आहे
हे गणितावर भरवसा ठेवून मानायचं.

इरिडियमची फाइल तेव्हा वरच्या मजल्यावर अडकलेली.
एका ग्रॅमची किंमत बाबांचा चार महिन्यांचा पगार.
बाबा मकरपुऱ्यात, निकेलच्या टाकीवर, एकतीस वर्षं.
बोटांच्या बेचक्यांत कायमची खाज,
भाकरी मोडताना तोंड किंचित वाकडं.
म्हणून मला ‘धातूविना’ हा शब्द
जरा जास्तच आवडला असेल.

बीकरच्या आतून निळ्या दिव्यांची माळ,
मधे कुपी, कुपीत गरगरणारा चुंबक,
तोंड हवेला मोकळं.
सकाळी हुंगलं तर कडू बदाम!
अल्कोहोलचं आल्डिहाइड झालं होतं रातोरात.
एक्क्याण्णव टक्के.
सरांनी सगळ्यांना सेव-उसळ मागवली.

उत्प्रेरक म्हणजे नेमकं काय गं, बाबांनी विचारलं.
मी सांगू लागले, तर मधेच म्हणाले,
म्हणजे मल्लखांब.
दांडिया बाजारातल्या आखाड्यात होता आमच्या, एरंडेल चोळलेला.
पोर चढतं, अढी मारतं, उलटं लोंबतं,
उतरतं ते वेगळंच होऊन.
खांब होता तिथेच.
मग थोडं थांबून,
आणि तो लाकडाचा असतो.

मार्चात हिरल म्हणाली, तुझा चुंबक जुना आहे ना?
पांढऱ्या टेफ्लॉनवर नखाएवढा राखाडी डाग.
माझ्या आधी कुणीतरी त्यानं पॅलेडियम ढवळलेलं.
धुऊन जात नाही ते.
निकेल तरी कुठं जातं.

पाकिटातला कोरा चुंबक काढला. कोऱ्या तीन कुपी.
एक अंधारात, काळ्या कापडात
(फॉइल नको, तीही धातूच).
एक उजेडात, पण पिवळ्या पुडीविना.
एक सगळ्यासकट.
बाहेर बडोद्याचं ऊन, आत निळा उजेड,
आणि मी स्टुलावर, नखं कुरतडत.

पहिलीत काही नाही.
दुसरीत काही नाही.
तिसरीत चौतीस.

वहीतल्या एक्क्याण्णववर आडवी रेघ मारली,
खोडलं नाही, वाचता यावं.
शेजारी तारीख, सही.
सर बराच वेळ काही बोलले नाहीत.
सेव-उसळीचा विषय कुणी काढला नाही.

रात्री बाबांनी माझी बोटं हुंगली.
बदाम, म्हणाले.
मी आकडा सांगितला.
उरलेली सहासष्ट पोरं?
खालीच उभी आहेत अजून.
बघत असतील, म्हणाले,
आणि मलमाची डबी शोधायला उठले.