चौथा वॉशर

डिडकॉट. रात्रीचे पावणेतीन.
टाकीतली हवा पंपांनी कालच उपसून काढली आहे.
आत एक पेटी, चार स्क्रूंवर उभी,
आणि चंद्रावरची चौदा दिवसांची रात्र,
जी आम्ही छत्तीस तासांत उरकणार आहोत.

ग्लेनिस चहा आणते. मी बशी मागते.
बशा इथे नसतात. ती बिस्किटांची प्लेट देते, चुरा झटकून.
मी ओतते, फुंकर घालते,
ती दरवेळी विचारते, एवढी घाई कसली?

तिला सांगायचं राहूनच जातं
की आमच्याकडे उष्णतेला एका नावात भागत नाही.
तापल्या विटेचा कमरेला मिळतो तो शेक.
चुलीपुढे बसलं की गालाला लागते ती धग.
आणि वैशाखात दार उघडताच तोंडावर येते
ती झळ. तिला वारा लागतो.

चंद्रावर झळ नाही.
फुंकर नाही, पदराने वारा घालणं नाही.
कढत वस्तूजवळून कुणी काही घेऊन जात नाही,
ती आपली आपण, न दिसणाऱ्या उजेडात,
काळ्या आकाशाकडे स्वतःला उधळत बसते.
सावली म्हणजे तिथे विसावा नव्हे.
धोंड्याच्या या अंगाला तळवा पोळेल,
त्या अंगाला, वीतभर पलीकडे, हाडं तडकतील,
आणि मधे निरोप्या कुणीच नाही.

तीन दहा.
पेटी निवते आहे, हिशेबापेक्षा जास्त.
तीन अंश. मग पाच.
हवा नाही. सोनेरी पन्नी शाबूत आहे.
मग गळतंय कुठून?

मी डोळे मिटून माझीच बोटं आठवते,
गुरुवारची, हातमोज्यातली.
पहिला पाय: फायबरचा वॉशर, मग स्क्रू.
दुसरा.
तिसरा.
मग कुणीतरी दारातून हाक मारली होती,
पार्किंगमध्ये माझ्या गाडीचे दिवे चालू राहिले म्हणून.

चौथ्या पायाशी धातूला धातू.
सगळी ऊब त्या एका पायाने
थंड तळाशी उतरते आहे, मुकाट, रांगेने.

ग्लेनिस चिडत नाही. वहीत वेळ लिहिते,
माझं नाव लिहीत नाही.
मी ॲप्रनचा खिसा चाचपते
आणि तो लागतो हाताला, चवलीएवढा,
चार दिवस माझ्याच अंगाने कोमट झालेला.

प्लेटमधला चहा केव्हाच गार.
"सोडू का हवा आत?" ती विचारते.