वहीचं मागचं पान

जिंतूर रोडला, मोटर वाइंडिंगच्या दुकानावर
आमच्या भावाचं गेमिंग कॅफे.
पाच मशीन, एक इन्व्हर्टर, वीस रुपये तास.
काउंटरवर मी.
वहीत पुढून तास लिहिते,
मागून लिहिते कोणी कोणाला घेतलं ते.

छंद म्हणा.
स्टॅटिस्टिक्सचा पेपर राहिलाय, म्हणून म्हणा.

मॅचच्या आधी तीस सेकंद मिळतात.
चोवीस चेहरे पडद्यावर मांडलेले
आणि सगळे बाण एकाच चेहऱ्यावर:
झायरो.
काळा कोट, दोन पाती, मरतानासुद्धा हसतो.
मुजम्मिलनं त्याच्यासारखे केस कापलेत.
व्यंकटच्या टेम्पोमागं झायरो,
'आईवडिलांची कृपा'च्या बरोबर खाली.
ज्याला मिळतो तो एकटाच पुढं पळतो.
ज्यांना मिळत नाही ते रुसून काहीबाही घेतात
आणि झायरोसारखंच खेळतात.

खालच्या कोपऱ्यात एक ठेंगणा बाबा असतो.
पाठीवर पखाल, चाल संथ,
ओंजळभर पाणी टाकून दुसऱ्याच्या जखमा भरतो.
त्याचं खरं नाव कोणाला उच्चारता येत नाही.
पोरं म्हणतात, टँकर.
टँकर यावा असं परभणीत कोणाला वाटत नाही?
टँकर व्हावं, असं मात्र

एक्केचाळीस मॅच. झायरो चाळीस वेळा,
त्यात सत्तावीस हरलेल्या.
एकदा निवडतानाच लाइट गेली,
गेमनं आपल्या मनानं माणसं वाटली.
ती जिंकले.
टँकर नऊ वेळा. जिंकले सात.

वही दाखवली तर नरसिंग उठूनच उभा राहिला,
"आयला, टँकर लई भारी हाय की!
कामून सांगितलं नाहीस आधी?"
मग आठ दिवस टँकरसाठी भांडणं,
आठ दिवस नुसती हार.
मुजम्मिल पखाल घेऊन एकटाच
शत्रूच्या अंगावर जायचा.

नऊ खुणा मी पुन्हा बघितल्या.
तारीख, वेळ, मशीन.
नऊही पाच नंबरच्या, जिथं दुसरं कोणी बसत नाही.
नऊही वैजनाथच्या.
खालच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळतो तो,
ओठातल्या ओठात फेरे मोजत.
काम लवकर संपलं तर वर येतो
आणि इथंही मोजतच बसतो:
कोणाचं रक्त किती उरलं, कोण किती पावलांवर.
सात विजय मी भलत्याच नावावर मांडले होते.

बरं वाटलं मला.
गावात एक तरी पोरगा निघाला
ज्याला सगळ्यांचं तेच नको असतं.
विचारलं त्याला तसं.
हाताचं वार्निश पुसत म्हणाला,
"नाही ओ ताई, मलापण झायरोच पाहिजे असतो.
पण पाच नंबर लई हळू चालायली.
चेहरे दिसेस्तोवर वेळ संपते.
बाण खाली कोपऱ्यात पडलेला असतो,
तिथं टँकर."

पाच नंबरला रॅम टाकायची आहे.
बाराशे रुपये. गल्ल्यात आहेत.
भाऊ दर सोमवारी आठवण करतो.
टाकू की, म्हणते मी, पुढच्या महिन्यात,
आणि जिन्यावर वैजनाथची चप्पल वाजली
की वही मागून उघडते.