पाव फेरा

साडेआठची फेरी दिवाडीला लावून मी घरी येतो,
हात धुतो, पुन्हा धुतो,
डिझेल नखांत उरतं म्हणून तिसऱ्यांदा लिंबाने.
दुर्वांगी तोवर जमिनीवर उताणी,
डोकं माझ्या मांडीवर, तोंड उघडं,
मोबाइलचा उजेड तिनेच धरलेला.

टाळूला चिकटलेलं तारांचं कोळिष्टक,
मधोमध स्क्रू, स्क्रूला भोक.
त्यात चावी घालायची, घशाकडे ढकलायची.
पाव फेरा. एवढंच.
एकवीस रात्री.

सांतिनेजच्या नोरोन्हाबाईंनी
लेकीचा जबडा माझ्या तळहातावर ठेवला होता, प्लास्टरचा,
आणि पेन्सिलीने दाखवली मधली रेघ.
"ही शिवण. अजून कच्ची आहे.
आठव्या वर्षी चावी पुरते,
अठराव्या वर्षी करवत लागेल."
मी मनात हप्ते मोजत होतो,
करवतीपाशी आकडा चुकला.

शेजारची क्लेमेंतीन म्हणाली, दुधाचे दात तरी पडू देत सगळे.
धक्क्यावरचा उगम म्हणाला, पोरीला आत्तापासून बेड्या?
मी बोललो नाही.
तसंही मी तोंड फारसं उघडत नाही.
लग्नाच्या अल्बमात बावन्न फोटो,
बावन्न वेळा मिटलेले ओठ;
फोटोवाला सांगून सांगून दमला.

पहिला आठवडा लाळ गळत होती,
सोमवारचा थोमवार झाला,
बाईंनी कविता म्हणायला दुसऱ्याच मुलीला उठवलं.
जत्रेत खाज्याच्या दुकानावरून ती नाक धरून गेली,
मग परत आली आणि पावशेर घ्यायला लावलं,
डब्यात ठेवलं, "नंतर"साठी.
डब्याचं झाकण मुंग्यांना उघडता येतं
हे तिला चौथ्या दिवशी कळलं.

आणि एका रात्री मला आठवेना.
फिरवली की नाही?
वहीत खूण नव्हती. पण त्या दिवशी पेनही सापडलं नव्हतं.
ती झोपलेली, गाल उशीत चेपलेला,
मी चावी घेऊन उभा, चोरासारखा,
दोनदा फिरली तर काय, न फिरली तर काय,
एवढ्याशा हाडाला विचारणार कसं?
बायको कुशीवर वळून म्हणाली,
एका दिवसाने काही बुडत नाही.
फेरीवर हे वाक्य मी कुणाला बोलू देत नाही.
त्या रात्री मानलं.

चौदाव्या की पंधराव्या सकाळी
पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली.
तिने त्यात वहीच्या पानाची कड घातली, आरपार गेली.
मग पोळीचा तुकडा चहात बुडवून तिथूनच ओढला,
आणि शाळेत निघताना विचारलं,
"पप्पा, मी फुटत चालले का?"

मला अशी एकच फट ठाऊक आहे:
रॅम्प आणि धक्का यांच्यामधलं पाणी.
रोज कुणीतरी स्कूटरवाला घाईत चाक पुढे काढतो,
रोज मी ओरडतो, थांब रे, अजून लागली नाही.
लागतेच. पण मध्ये ते पाणी दिसावंच लागतं.
हे तिला सांगायला गेलो
तर तिची बस आली.

एकविसावा पाव फेरा काल झाला.
नोरोन्हाबाई म्हणाल्या, आता काही महिने हात लावायचा नाही,
हाड आपलं आपण भरून येईल.
चावी तिने मागून घेतली.
रात्री माझं डोकं स्वतःच्या मांडीवर ओढलं,
म्हणाली, "आता तू. आ कर."
मी केला.
बावन्न फोटोंना जमलं नव्हतं ते.

मोबाइलचा उजेड टाळूभर फिरला, बराच वेळ.
"पप्पा, तुझी शिवण सापडत नाही गो."

बोलता येत नव्हतं, तोंड उघडं होतं.
मी तसाच पडून राहिलो.
शोध म्हटलं, डोळ्यांनीच.