वंशावळीचा तास

चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई.
आजार असेल तर आतून काळा भरायचा.
अठरा वर्षं हेच शिकवते आहे,
नेरूळला, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून पारसिकचा कापलेला डोंगर दिसतो.

एकोणऐंशी तुकड्यांचं जनुक.
मधले दोनतीन गळाले
की पोटऱ्या पैलवानासारख्या फुगतात
आणि पोरगं जमिनीवरून उठतं
स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत,
स्वतःचीच शिडी करून.

वाहक आईला? गोलात फक्त ठिपका.
टिकलीसारखा, कुणीतरी म्हणतं. वर्ग हसतो.

शेवटच्या बाकावरची, करावे गावची
मिताली तांडेल हसत नाही.
तास संपल्यावर वही पुढे करते:
काळा चौकोन. निनाद, वय अकरा.
आईच्या गोलात ठिपका
इतका दाबून, की पान फाटलंय.
शेजारी तिचा स्वतःचा गोल,
कोरा.

"मॅडम, हा आत्ताच भरायचा का?"

"तुला हवं तेव्हा. नको असेल तर नाही."
पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही.
"निनादला आणशील एकदा?"
"लिफ्ट आहे ना इथे?"

आहे, म्हणते मी,
आणि मग आठवतात
लिफ्टच्या आधीच्या
सात पायऱ्या.