नावाखालची अक्षरं

नवे बॅज मंगळवारी आले, खोक्यातून, रबरबँड लावून.
पूर्वी नुसतं 'नर्स' असायचं.
आता नावाखाली पदवी, जाड ठशात,
पेशंटला चष्म्याशिवाय वाचता येईल अशी.

माझी दोन वर्षांची.
कम्युनिटी कॉलेज, संध्याकाळचे वर्ग,
मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसलेली माझी मुलगी.
मारेनची चार वर्षांची, विद्यापीठाची.
पगारात फरक तासाला एक डॉलर दहा सेंट.
बोलण्यातला फरक मोजायला
अजून मशीन आलेलं नाही.

सोबत पत्र : दोन वर्षांत पुढची पदवी पूर्ण करावी,
अन्यथा.
अन्यथाच्या पुढे काहीच नाही,
अख्खी ओळ कोरी सोडलेली.

व्हर्नाची शाळा याच इस्पितळाची, तीन वर्षांची,
डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी.
शाळा पाडली, तिथे आता पार्किंग आहे.
'माझं सर्टिफिकेट कुणाच्यातरी व्हॅनखाली आहे,' म्हणते,
आणि बॅजवरच्या अक्षरांवर
लहान मुलांची, डायनासोरची चिकटपट्टी लावते.

मायक्रोवेव्हमधलं सूप फिरत होतं तेव्हा मारेन म्हणाली,
'तुमचं शिक्षण हाताचं ना,
आम्हाला "का" ते शिकवतात.'
अगदी प्रेमानं म्हणाली.
तेच तर लागलं.
मी गाजर चावत राहिले, मोठ्यानं.

गुरुवारची रात्र. बाहेर डुलुथ गोठलेलं,
बंदरात शेवटची खनिजाची बोट.
तीन वाजून चार मिनिटांनी लोरेटा आली :
'बारा नंबर गप्प झालेत.'
बोटीवरचा निवृत्त आचारी तो,
संध्याकाळपासून बटाट्यांचे हिशोब सांगत होता,
चाळीस माणसं, एका वेळेला किती पोती.

मी पडद्यावर पाहिलं. नाडी ठीक, दाब ठीक.
'झोपले असतील, लोरेटा.'
ती वळली, आणि मी मारेनकडे झुकून म्हटलं,
'वर्षभराचा कोर्स गं तिचा. घाबरते.'
मारेन हसली.
मीही हसले.
आठवड्यात पहिल्यांदाच आम्ही दोघी
एका बाजूला होतो.
किती ऊब वाटली, खोटं कशाला सांगू.

उतरंडीतल्या मडक्याला
फक्त वरचं ओझं कळतं.

तीन पंचविसाला बाराचा दाब कोसळला.
धावलो. लोरेटा तिथेच होती,
पलंगाचं डोकं खाली केलेलं,
टीमला बोलावणं आधीच गेलेलं,
त्याचा हात तिच्या हातात.
मारेननं पहिल्याच टोचणीत शीर धरली,
तेही खरं.
व्हर्ना रक्ताची पिशवी दाबत उभी,
डायनासोर छातीवर हिंदकळत.
डॉक्टर म्हणाले, 'छान काम, नर्सेस,'
आणि आमच्या तिघींकडे पाहिलं.

पहाटे मी तिला शोधत गेले.
ती ट्रे पुसत होती.
'माफ कर,' म्हटलं.
'कशाबद्दल?'
ऐकलंच नसेल तिनं.
नाहीतर ऐकून ऐकून
वेगळं काढता येत नसेल, कुठलं कुणाचं.
'आचारी आयसीयूत पोचला,' ती म्हणाली,
'बटाट्यांचं पुन्हा सुरू झालंय म्हणे.'

रविवारी निबंध द्यायचा होता,
त्या पुढच्या पदवीसाठी,
विषय नेतृत्व, शब्द बाराशे.
स्वयंपाकघरात बसले, मुलगी वर झोपलेली,
आणि पहिलं वाक्य लिहिलं :
तीन वाजून चार मिनिटांनी लोरेटा म्हणाली,
बारा नंबर गप्प झालेत.

बुधवारी परत आला.
पहिल्या वाक्याखाली लाल रेघ,
समासात प्राध्यापकांचा शेरा :
संदर्भ? लेखिकेचं पूर्ण नाव, पात्रता, प्रकाशनाचं वर्ष.

पूर्ण नाव मला माहीत नव्हतं.
सहा वर्षं एका मजल्यावर.
आज रात्री ड्यूटीवर गेले
की बॅज वाचेन तिचा,
वरची ओळ.