उच्च वरून मध्यम

"मे. कोर्टास सविनय विनंती की
अर्जदाराचा वर्ग उच्च वरून मध्यम करण्यात यावा"
इथवर आलो आणि लाइट गेली.
एप्रिल. पांढरकवड्याच्या कोर्टासमोर
झेरॉक्सवाल्याचं जनरेटर खोकत उठलं.
मी सेव्ह केलं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून.

कारण एक : अर्जदाराने दहा वर्षे शिक्षा भोगली आहे.
कारण दोन : कारागृहात सुतारकाम शिकला,
वर्तणूक समाधानकारक, दाखला सोबत.
कारण तीन : साखर, गुडघे, वय त्रेपन्न,
दर सोमवारी ठाण्यात हजेरी झेपत नाही.
कारण चार गोफणे वकिलांनी पेन्सिलीनं लिहिलंय.
त्यांचं अक्षर मला लागतं, तरी अडलो :
"अर्जदारापासून आता कोणासही भय उरलेले नाही."
कोणासही.
दोनदा टाइप केला तो शब्द, एकदा चुकून.

तिचं नाव अर्जात नाही. लिहायचं नसतं.
"पीडिता" म्हणायचं आणि पुढं सरकायचं.
पण वाढोणा इथून अकरा किलोमीटर,
आणि तिच्या बापाच्या जबाबाच्या नकला
त्या साली मीच काढल्या होत्या, दोन रुपये पान.
पाचवीत होती.
परवा दिसली बसस्टँडवर, नर्सिंगचा पांढरा गणवेश,
कानात वायर. मला ओळखायचं तिला कारण नाही.
सावली शेडखाली होती,
ती उन्हात उभी, भिंतीला पाठ लावून.

सोबत प्रतिज्ञालेख बहिणीचा.
शेवंता उरकुडे, धंदा शेतमजुरी.
"भाऊ माझ्या घरी राहील, त्याची हमी मी घेते."
वाचून दाखवला. तिनं पदरानं चष्मा पुसला.
"भाऊ, आनखी एक ओळ टाका.
तेजूले म्या वणीले पोचवून देल्लं म्हनून."
"तेजू कोण?"
"माही नात. अकरा वर्साची. हा घरी आला,
त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हटलं, ही ओळ टाकली तर अर्ज पडेल, बाई.
"मंग हे लिवलं ते खोटं हाय का?"
"खोटं नाही. अर्धं आहे."
ती बाकावर सरकून बसली, पिशवी मांडीवर.
"तो बदलला हाय. मले दिसते ना.
सकाळी आंगन झाडते, कोनाकडं वर पाहात नाई,
जेवाले बसला का मान ताटात.
समदं दिसते मले.
अन् तरी बी रात्री मी आतली कडी लावतो.
हे कोन्या कागदावर लिवतेत, सांगा."

तो रस्त्यापलीकडं होता, पंक्चरच्या दुकानाशी.
कोर्टाला लागून शाळा आहे, म्हणून अट क्रमांक सहा.
साडेअकराला घंटा झाली,
पोरं दप्तरं उडवत फाटकाबाहेर सांडली,
आणि तो वळला,
दुकानाच्या पत्र्याला तोंड लावून उभा राहिला
शेवटचं पोरगं चौक ओलांडेपर्यंत.
कायद्याला भिऊन की लोकांना की स्वतःला,
माझ्या खुर्चीवरून ते दिसत नव्हतं.
जजसाहेबांची खुर्ची उंच आहे. कदाचित तिथून.

लाइट आली. कूलर घरघरला, कागद उडाले.
"वरील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे."
"समजुतीप्रमाने म्हंजे?" तिनं विचारलं.
म्हटलं, तुम्हाला जेवढं कळतं तेवढं.
"तेवढं असन तं ठीक हाय," म्हणाली,
आणि सही केली, साक्षरता वर्गातली,
प्रत्येक अक्षराखाली थांबत.
ऐंशी रुपये झाले. दहा कमी होते, राहू दिले.

ते दोघं स्टँडकडं गेले.
ती पुढं. तो बराच मागं.

सेव्ह करताना मशीन फाइलचं नाव विचारतं.
मी तिचं टाइप केलं, ते अर्जात नसलेलं.
मग एकेक अक्षर मागं घेत खोडलं,
आणि तारीख टाकली.